वणवा माणूस लावतो, पण रान कोण वाळवतं?

शिमगा जवळ आला की दरवर्षी एक संदेश फिरू लागतो. यंदा तो आमच्या डोंगरभटक्यांच्या गटातही आला, आणि पाठवणारे दादा असे आहेत की ज्यांच्याबरोबर मी स्वतः वणवे विझवले आहेत. मजकूर साधारण असा: "जंगलातल्या आगी माणसंच लावतात. वणवे आजोबा-पणजोबांच्या काळापासून लागत आलेत. उपग्रहाची आकडेवारीच सांगते की जगात जळणारं क्षेत्र घटतंय. एकीकडे पाऊस वाढतोय म्हणता, मग आगी कशा वाढतील? जंगलं साफ ठेवत नाहीत म्हणून पेटतात. हवामान बदलाचा यात काडीचाही संबंध नाही."

या संदेशात सरळ खोटं फार थोडं आहे. प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून तर तो पटतो. त्यामुळे एकेक वाक्य हातात घेऊनच उत्तर द्यायला हवं.

"आगी माणसंच लावतात."

आपल्याकडे हे जवळपास पूर्ण खरं आहे, ते आधीच कबूल करतो. सह्याद्रीत कोरड्या दिवसांत वीज पडते ती मुख्यतः वळवाच्या पावसाबरोबर, एप्रिल-मेमध्ये. फेब्रुवारीत निरभ्र आकाशाखाली डोंगर पेटला असेल तर त्यामागे माणूसच आहे. कुणी बांध जाळला आणि आग वर सरकली, कुणी विडी टाकली, कुणाला वाटलं डोंगर जाळला की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं, कुणी शिकारीसाठी रान पेटवलं. पण तीच विडी ऑगस्टमध्ये त्याच उतारावर टाकली तर ती विझते. डिसेंबरात टाकली तर हातभर गवत जळेल आणि आग बसेल. मार्चच्या दुपारी तीच विडी डोंगराची अख्खी सोंड जाळून टाकते. फरक पडला तो गवतातल्या पाण्यात.

हवामान बदल शिरतो तो इथे. हवा एक अंश तापली की तिची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. तेवढं बाष्प हवेत आयतं आलं नाही, तर ती ते पानांतून, गवतातून, मातीतून ओढून घेते. पाऊस तेवढाच पडला तरी रान आधीपेक्षा लवकर आणि आधीपेक्षा जास्त वाळतं. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या जंगलांसाठी हा हिशेब २०१६ साली मांडला गेला. १९८४ ते २०१५ या काळात माणसामुळे झालेल्या तापमानवाढीने तिथे सुमारे ४२ लाख हेक्टर जास्तीचं जंगल जळलं. म्हणजे ती तापमानवाढ नसती तर जेवढं जळलं असतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट जंगल एकूण जळलं.

आपल्या शेजारचं उदाहरण गोव्याचं. मार्च २०२३ च्या पहिल्या आठवड्यात सत्तरी तालुक्यात म्हादई अभयारण्यात आगी लागल्या. विझवायला नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली, बादल्या लटकवून डोंगरावर पाणी ओतावं लागलं. आगी माणसांनीच लावल्या असा संशय होता आणि तो रास्तही आहे. पण त्याआधीचा फेब्रुवारी कसा होता? देशभराचं सरासरी कमाल तापमान पाहिलं तर १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत तापलेला. म्हादईचं रान म्हणजे काही माळावरचं गवत नव्हे. बराचसा भाग निमसदाहरित आणि आर्द्र पानझडीचा, जिथे पायाखालचा पाला सहसा ओलसर असतो. असं रान ठिकठिकाणी पेट घेतं तेव्हा काडी कुणी ओढली हा प्रश्न विचारायलाच हवा, पण त्यावर चौकशी संपवता येत नाही.

हाच दावा जगात सर्वांत जोरात फिरला तो ऑस्ट्रेलियाच्या २०१९-२० च्या आगींत. "दोनशे आग लावणारे पकडले" असं तेव्हा सांगितलं जात होतं. न्यू साउथ वेल्सच्या पोलिसांचं जानेवारी २०२० मधलं निवेदन नीट वाचलं तर कारवाई १८३ जणांवर झाली होती. त्यात मुद्दाम वणवा लावल्याचा आरोप २४ जणांवर होता. ५३ जणांनी आगबंदीचा आदेश मोडला होता आणि ४७ जणांनी जळती सिगारेट किंवा काडी टाकली होती. त्याच हंगामातली गॉस्पर्स माउंटनची आग विजेने लागली होती आणि एकटीने पाच लाख हेक्टरांहून जास्त रान खाऊन गेली. २०१९ हे ऑस्ट्रेलियाच्या नोंदींतलं सर्वांत उष्ण आणि सर्वांत कोरडं वर्ष होतं, हे मात्र त्या दाव्यात कुठेच नव्हतं. कॅनडात २०२३ साली सुमारे दीड कोटी हेक्टर जळलं, महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्मं, आणि त्यातला बहुतांश भाग विजेने पेटलेल्या आगींत गेला. तिथे आग लावणारा माणूस शोधायचा कुठे?

"वणवे आजोबांच्या काळापासून लागत आलेत."

लागत आलेत. आगीचं आणि आपलं नातं जुनं आहे, आणि ते सगळं वाईट नाही. कोकणात कवळ म्हणजे झाडांच्या डहाळ्या तोडून, पालापाचोळा पसरून तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपं करायच्या, जागेची भाजावळ करतात. माणसं चारी बाजूंनी उभी असतात, वारा पडला असेल ती वेळ धरतात, जागा मोजकी असते. त्या आगीला आणि डोंगरभर सुटलेल्या वणव्याला एकाच दावणीला बांधणं हा आपल्याच शेतकऱ्यांवर अन्याय आहे.

बदललं काय, ते वणवा विझवणाऱ्याला विचारा. काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये आमच्या मागच्या डोंगराला आग लागली. जांभळाच्या हिरव्या फांद्या घेऊन आम्ही पंधरा-वीस जण काळ्या बाजूने, म्हणजे जळून गेलेल्या बाजूने, आगीची कड झोडपत होतो. चढावर आग माणसापेक्षा वेगाने धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच भाजून ठेवतात. म्हणून तिच्या वरच्या अंगाला कधी उभं राहायचं नाही. खालच्या ओढ्यात बांबूची बेटं पेटली होती आणि पेरं फुटल्याचे आवाज फटाक्यांसारखे येत होते. आमच्यातले वयस्कर काका सारखं एकच सांगत होते: "दम धरा, पहाटे दहिवर पडेल, मग ती बसेल." त्यांचं सगळं आयुष्य या हिशेबावर गेलं होतं. वणवा दिवसा धावतो, रात्री थकतो, पहाटे दंवाने जड होतो आणि तेव्हाच त्याला मारायचा. त्या रात्री दहिवर पडलंच नाही. साडेचार वाजता मी गवत मुठीत धरलं तर ते दुपारसारखंच कुरकुरलं. उजाडताना आग खिंड ओलांडून पलीकडे गेली.

एका रात्रीवरून मी सिद्धांत मांडत नाही. पण रात्रीचा हा आधार जगभर कमी होतोय याचं मोजमाप झालं आहे. २०२२ च्या एका अभ्यासात १९७९ पासूनच्या चार दशकांतल्या रात्री तपासल्या. रान पेटतं राहू शकेल इतके कोरडे रात्रीचे तास वर्षाला जेवढे असायचे, ते या चार दशकांत ३६ टक्क्यांनी वाढलेले आढळले. त्याआधी २०१५ मध्ये असंच दुसरं मोजमाप आलं होतं. १९७९ ते २०१३ या काळात आगीला पोषक हवामानाचा हंगाम जागतिक सरासरीत जवळजवळ १९ टक्क्यांनी लांबला होता. आजोबांच्या काळात वणवे होतेच. त्यांच्या वणव्याला रात्र आडवी यायची.

"उपग्रह सांगतात, जळणारं क्षेत्र घटतंय."

ही ओळ सर्वांत हुशारीची आहे, कारण आकडा खरा आहे. १९९८ ते २०१५ या काळात जगात दरवर्षी जळणारं एकूण क्षेत्र सुमारे एक चतुर्थांशाने घटलं, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. पण ज्या शास्त्रज्ञांनी तो आकडा दिला त्यांनीच कारणही दिलं आहे, आणि संदेशात तेवढंच कापलं आहे. जगातल्या जळणाऱ्या जमिनीचा मोठा वाटा म्हणजे आफ्रिकेसारख्या प्रदेशांतली गवताळ राने. तिथे शेती पसरली, गुरं वाढली, रस्ते झाले, माळाचे तुकडे पडले, त्यामुळे आग पूर्वीसारखी मैलोन्‌मैल पळत नाही. घट झाली ती मुख्यतः अशा गवताळ प्रदेशांत.

जंगलाचा हिशेब वेगळा काढला की चित्र उलटं होतं. २००१ ते २०२३ या काळात जंगलांच्या आगींतून बाहेर पडणारा कार्बन जगभरात सुमारे ६० टक्क्यांनी वाढला, आणि वाढ सर्वांत ठळक आहे ती उत्तरेकडच्या थंड प्रदेशांतल्या अरण्यांत. गवत जळालं तर पुढच्या पावसात परत उभं राहतं. शंभर वर्षांचं झाड तसं उभं राहत नाही. दोन्हींची बेरीज करून "आगी घटल्या" म्हणणं म्हणजे गावातल्या शेकोट्या कमी झाल्या म्हणून घरं जळायची थांबली असं सांगणं आहे.

"पाऊस वाढतोय, मग आगी कशा वाढतील?"

पावसाने जे उगवतं तेच उन्हाळ्यात पेटतं. हे सह्याद्रीतल्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. चांगल्या पावसाच्या वर्षी सड्यावर आणि उतारांवर गवत कंबरेच्या वर जातं. ऑक्टोबरात ते पिवळं पडतं आणि पुढे सात महिने तसंच उभं असतं. पाऊस वर्षाचा किती पडला यापेक्षा तो कधी थांबला आणि त्यानंतर ऊन किती तापलं, हे वणव्याच्या दृष्टीने महत्त्वाचं.

लॉस एंजेलिसमध्ये जानेवारी २०२५ मध्ये हेच झालं. लागोपाठ दोन हिवाळे भरपूर पावसाचे गेले, टेकड्यांवर गवत-झुडपं माजली. मग महिनोन्‌महिने नावालाही पाऊस नाही. तिथे जानेवारी हा पावसाचा महिना, पण तो कोरडाच उजाडला आणि वाळवंटाकडून सुसाट वारे सुटले. ७ जानेवारीला पॅलिसेड्स आणि ईटन या दोन आगी पेटल्या आणि हजारो घरं गेली. तापलेली हवा कोसळवायची तेव्हा जास्त कोसळवते आणि सुकवायची तेव्हा जास्त सुकवते. ओलं आणि कोरडं यांतला झोका मोठा होतो, आणि वणव्याला नेमका तोच लागतो.

"जंगलं साफ ठेवत नाहीत म्हणून पेटतात."

इथे दादांशी माझं अर्धं जुळतं. अमेरिकेच्या वनखात्याने १९३५ मध्ये नियम केला होता की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत विझलीच पाहिजे. दशकानुदशकं लहान आगी दाबल्या आणि जळण साठत गेलं. कर्नाटकात बिळिगिरीरंगन डोंगरातले सोलिगा आदिवासी हंगामाच्या सुरुवातीलाच हलक्या आगी लावत असत. ते बंद झाल्यावर घाणेरीची (लँटानाची) झुडपं बेसुमार माजली असं ते सांगत आले आहेत, आणि त्यांचं म्हणणं अभ्यासकांनीही गांभीर्याने घेतलं आहे. म्हणजे व्यवस्थापनाचा प्रश्न खरा आहे.

पण व्यवस्थापन हे हवामानाला पर्यायी कारण नाही. हलकी, ताब्यातली आग लावायलाही योग्य दिवस लागतात: गवत थोडं ओलसर, वारा मंद, रात्री दंव. हंगाम तापला की असे दिवस हातात कमी उरतात. आणि "साफ" या शब्दाला माझा जोराचा आक्षेप आहे. जंगलातला पाला हा कचरा नव्हे. तो उचलला किंवा जाळला की जूनच्या पहिल्या सरींत उघडी माती ओढ्यात जाते. "राख म्हणजे खत" म्हणणाऱ्यांनी पहिल्या पावसानंतर जळालेल्या उताराखालचं पाणी पाहावं, काळं आणि गढूळ. ती राख तुमच्या गवताला मिळत नाही, धरणाच्या तळाशी जाते.

आता दादांच्या शेवटच्या ओळीबद्दल, "काडीचाही संबंध नाही." अमुक एक वणवा हवामान बदलानेच लागला असं कुणी म्हणत असेल तर तेही चूक आहे. काडी माणसाची आहे आणि लावणाऱ्यावर गुन्हा व्हायलाच हवा. पण सगळा दोष काडीवर टाकला की आपण फक्त माणूस शोधत बसतो, आणि बहुतेक वेळा सापडतो तो गुराखी किंवा लाकूडफाट्याला गेलेली बाई. आग अंगावर घेणाऱ्यांचा विचार मागे पडतो. जून २०२४ मध्ये उत्तराखंडच्या बिनसर अभयारण्यात वणवा विझवायला गेलेले किमान चार वनकर्मचारी होरपळून गेले. जूनचा मध्य, डोंगर सुकलेले, पाऊस अजून वर पोचलेला नाही. अशा माणसांना जास्त हात हवेत, हवेच्या झोताने पाला बाजूला सारणारे ब्लोअर हवेत, अंगावर नीट कपडे हवेत, आणि हंगाम लांबलाय हे मान्य केलं तरच ते वेळेवर मिळतील.

आमच्या डोंगराखालच्या वाडीत आम्ही आजवर जाळरेषा जानेवारीच्या शेवटी काढायचो. रुंद पट्ट्यातलं गवत कापायचं, पहाटेच्या दंवात कड जाळून घ्यायची, दुपारच्या आत विझवून घरी. गेल्या दोन हंगामांत जानेवारीअखेर ते गवत इतकं कडक झालं होतं की जाळरेषा काढतानाच आग निसटायची भीती वाटली. त्यामुळे या वर्षी बैठकीत काकांनी तारीख अलीकडे ओढली. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी, पहाटे पाचला, पाण्याच्या टाकीपाशी जमायचं. दादा, तुम्हीही या.