"स्टेनलेस आहे, त्याला काय होतंय?"

शिडाच्या बोटी बाळगणाऱ्यांत एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा बदलायच्या असतील तर तार नवी घ्या, पण टोकांची फिटिंग्ज, म्हणजे टर्मिनल्स वगैरे, मोडीत निघालेल्या बोटीवरची उचला. स्टेनलेस गंजत नाही. फिटिंग तारेपेक्षा दणकट असतं. घासून लख्ख करा, भिंगातून बघा, तडा नसेल तर ते नव्यासारखंच. आणि माल अस्सल आहे का ते चुंबक लावून कळतंच. या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तर तो टिकलाय. पण ते तथ्य नेमकं कुठे आहे, हे सांगणारा फारसा कोणी भेटत नाही.

"स्टेनलेस गंजत नाही." गंजतं. त्याला वाचवतो तो पृष्ठभागावरचा क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. ओरखडा पडला तरी तो हवेतल्या ऑक्सिजनमुळे पुन्हा धरतो. पण अरुंद फटीत खारं पाणी साचून राहिलं की तिथला ऑक्सिजन संपतो, थर पुन्हा धरत नाही आणि क्लोराइड धातू पोखरायला लागतं. 316 या प्रतीत 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ती 304 पेक्षा जास्त तग धरते. कायमची सुटका तिलाही नाही.

अशी फट कुठे असते? स्वेज टर्मिनलच्या तोंडाशी. स्वेज म्हणजे पोकळ दांडा. त्यात 19 पेडांची तार घालून तो यंत्रात दाबतात, म्हणजे धातू तारेभोवती घट्ट आवळला जातो. कितीही दाबलं तरी पेडांमध्ये बारीक वाटा उरतातच. वरच्या टोकाच्या स्वेजचं तोंड खाली असतं, पाणी निथळून जातं. खालच्याचं तोंड वर असतं आणि तारेवरून ओघळणारा प्रत्येक थेंब त्यात उतरतो. म्हणून सहसा खालची टोकं आधी जातात. मी एकदा उत्सुकतेपोटी काढून टाकलेलं असं एक टोक करवतीने उभं चिरलं होतं. बाहेरून आरशासारखं चकचकीत, आत चहाच्या रंगाची भुकटी.

"फिटिंग दणकट, तुटेल तर तार." नवं असताना हे खरं आहे. 6 मिलिमीटरची 19 पेडांची तार साधारण 3 टनांना तुटते आणि तिचं टर्मिनल त्याहून कमी ताकदीचं नसतं. पण बोटीवर फिटिंग एका जोराच्या हिसक्याने सहसा जात नाही, ते थकून जातं. बोटीची दिशा बदलली की वाऱ्याकडच्या तारा ताणल्या जातात, पलीकडच्या सैल पडून लटलटतात. लाटेगणिक हेच, हजारो वेळा. तुटायच्या भाराच्या कितीतरी खालच्या भारावर केसाएवढी चीर सुरू होते आणि हळूहळू आत सरकते. तारेला सर्व बाजूंनी हलू देणारा टॉगल बसवलेला नसेल तर ताणासोबत वाकणंही आलं, मग हे आणखी लवकर. म्हणून जुनं फिटिंग घेताना त्याच्या वयापेक्षा त्याचा इतिहास महत्त्वाचा. त्या बोटीवर टॉगल होते का? रिगिंग, म्हणजे डोलकाठीच्या तारा, सैल सोडलेलं होतं का? डोलकाठी कधी कोसळली होती का? विकणाऱ्याला यातलं बहुधा काहीच माहीत नसतं.

"घासून लख्ख करा, मग तपासा." हा क्रम नेमका उलटा आहे. घासताना पृष्ठभागावरचा धातू किंचित पसरतो आणि बारीक तड्याचं तोंड त्याखाली झाकलं जाऊ शकतं. मग भिंगालाही काही दिसत नाही आणि तडा दाखवणारा रंगीत द्रवही आत शिरत नाही. आधी नुसतं धुवायचं, तेलकटपणा काढायचा, मग तपासायचं, चकाकी नंतर. शिवाय हा द्रव फक्त पृष्ठभागापर्यंत आलेला तडा दाखवतो. स्वेजच्या पोटात काय चाललंय ते त्याला दिसत नाही.

चुंबकाचं तर सोडूनच द्या. 304 थंड असताना दाबलं किंवा ओढलं की ते थोडं चुंबकाला चिकटायला लागतं. म्हणजे अस्सल मालही चिकटू शकतो. आणि तड्याबद्दल चुंबक काहीच बोलत नाही.

"स्क्रूची टर्मिनल्स पुन्हा वापरायलाच बनवलीत." हे मात्र बरंचसं खरं. यात बाहेरचे 12 पेड उलगडून आतल्या 7 पेडांवर एक शंकू सरकवतात, बाहेरचे पेड त्याच्यावर बसवतात आणि दोन भाग पिळून आवळतात. उघडता येतं, आत बघता येतं, हाच याचा मोठा गुण. पण शंकू दरवेळी नवाच हवा, कारण जुन्यावर आधीच्या पेडांच्या खुणा उमटलेल्या असतात. आणि माप तपासा. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर, 6 च्या तारेला पाव इंचाचा शंकू हाताला बसल्यासारखा वाटतो, पण धरत नाही.

स्वेज पुन्हा वापरायचा प्रश्नच नाही, कारण तारेतून तो निघतच नाही. तरी लोक पळवाट काढतात: जुनी तार वरच्या स्वेजसकट घ्यायची, खालून कापून नवं टर्मिनल लावायचं. म्हणजे वरचं टोक जुनं आणि मधली सगळी तारही जुनीच. मग बदललं काय?

टर्नबकलच्या, म्हणजे आटे फिरवून तारेचा ताण कमी-जास्त करायच्या फिटिंगच्या बाबतीत मी स्वतः कंजूष आहे. कांस्याचा असेल, आटे स्वच्छ असतील, दांडा वाकलेला नसेल तर जुना खुशाल वापरतो. स्टेनलेसवर स्टेनलेसचे आटे असतील तर भाराखाली ते एकमेकांना चावून कायमचे जाम होऊ शकतात. हाताने सहज न फिरणारा तसला टर्नबकल फुकट मिळाला तरी नको. जबड्याची, म्हणजे पिन बसते त्या दुभंगलेल्या टोकाची भोकंही बघा. अंडाकृती झाली असतील, किंवा अर्ध्या इंचाच्या भोकात 12 मिलिमीटरची पिन खुळखुळत असेल, तर सगळा भार एका रेघेवर येतो. ही मोठी पिन निसटू नये म्हणून तिच्यात घालून वाकवायच्या स्प्लिट पिना मात्र मी जुन्या कधीच घेत नाही. एकदा वाकवून सरळ केलेली पिन पुन्हा वाकवताना कुठे मोडेल सांगता येत नाही, आणि ती पडली की मोठी पिन नुसती सवयीने जागेवर असते.