शटर ओढून सायलेन्सरचा वास घेऊ नका

‘सायलेन्सरचा वास घ्या, मेकॅनिकचे पैसे वाचवा’ हा चार मुद्द्यांचा संदेश व्हॉट्सॲपवर फिरत आहे. त्याकडे मी दुर्लक्षच केले असते. परंतु रविवारी सकाळी राजारामपुरीतले आमचे मामा पार्किंगचे शटर खाली ओढून, पेट्रोल गाडी चालू ठेवून तिच्या मागे उकिडवे बसलेले दिसले.

हा सल्ला संदेशाच्या तिसऱ्या मुद्द्यात आहे: ‘बंद जागेत वास नीट कळतो, दहा मिनिटांत वास आला नाही, तर इंजिन निरोगी.’ लिहिणाऱ्याने कार्बन मोनॉक्साइडचे नावही ऐकलेले नसावे. या वायूला ना रंग, ना वास, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट जोडला जातो; मग शरीराला ऑक्सिजन मिळत नाही आणि जीवही जाऊ शकतो. शिवाय थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागते आणि धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अजून तापलेला नसतो, त्यामुळे सुरुवातीच्या मिनिटांतच हा वायू भरपूर बाहेर पडतो. घराला जोडलेल्या गॅरेजचे दार उघडे असले तरी आत गाडी चालू ठेवू नये, अशी अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेची सूचना आहे. आमच्या मामांनी तर शटर ओढले होते. ‘अरे, पण वासच नव्हता,’ हा त्यांचा बचाव.

पहिला मुद्दा कुजक्या अंड्यांच्या वासाचा: म्हणे पंपावर भेसळ आहे, कन्व्हर्टर काढून टाका. त्या वासातले गंधक पेट्रोलमधूनच येते, एवढे मान्य करावे लागेल. मात्र १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ पेट्रोलमध्ये गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली आहे. तरीही वास टिकून राहिला, तर इंजिनात पेट्रोल जास्त जाते आहे का, ऑक्सिजन सेन्सर आणि कन्व्हर्टर ठीक आहेत का, हे तपासावे. वास बॉनेटखालून येत असेल, तर बॅटरी जास्त चार्ज होत असण्याची शक्यता असते. कन्व्हर्टर काढणे मात्र गाडीतल्या बदलांविषयीच्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्येही बसत नाही.

निळ्या धुरावर जाड ऑइल हा चौथा उपाय. असा धूर बहुधा झिजलेल्या पिस्टन रिंगांमधून ऑइल सिलिंडरमध्ये शिरून जळल्याने येतो; जाड ऑइलने त्या रिंगा भरून येत नाहीत.

राहिला दुसरा मुद्दा: ‘गोडसर वास इथेनॉलचा, काळजी नको.’ गोडसर वास बहुधा कुलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा असतो; हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचे सील) फुटले की कुलंट सिलिंडरमध्ये शिरून जळते आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही. मामांना महिनाभर हाच वास येत होता. इंजिन थंड झाल्यावर आम्ही कुलंटची बाटली पाहिली, तर पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेलेली. गाडी आता उद्यमनगरातल्या मेकॅनिककडे आहे.