बाबा पाणी पाहायला गेले

दिवाळीला सोयाबीन विकून चार पैसे हातात आले आणि मी घरात जाहीर केलं, यंदा केरळ.

बाबा म्हणाले, "कायले?"

"पाणी पाहायला."

ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. आमच्या दिग्रसकडच्या गावात पाणी पाहायला पाणाड्या येतो, तळहातावर नारळ ठेवून वावरभर फिरतो. नारळ उभा झाला की तिथं बोअर मारायचा. त्या हिशेबानं केरळात जिकडे-तिकडे नारळच, म्हणजे पाणी लागलंच पाहिजे, एवढं बाबांना पटलं. निघाले.

एसटीनं नागपूर, तिथून केरळ एक्स्प्रेसनं कोट्टायम, पुढे आलप्पुळा. त्या प्रवासाचं सांगण्यासारखं एवढंच, की ठेच्याची बाटली बल्लारशाच्या आतच संपली.

हाऊसबोटीत पाय ठेवताच नावाड्यानं हिंदीतून माहिती दिली. ही केट्टुवळ्ळम. पूर्वी यातून भाताची पोती जायची. फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवतात, खिळा ठोकत नाहीत. पोरांनी फोटो काढले. बाबा मात्र जागीच थबकले. "एक भी खिल्ला नही?" पुढचा अर्धा तास ते उकिडवे बसून नखानं फळ्यांच्या सांध्यात खिळा शोधत होते. सापडला नाही. त्यानंतर ते बोटीवर चवड्यांवरच चालले.

वेंबनाड आला. देशातला सगळ्यात लांब तलाव. दुसरा काठ दिसेना. बायको म्हणाली, "किती सुंदर!" बाबा म्हणाले, "कालवा कोणीकडून काढला?"

जेवणाबद्दल मी लिहीत नाही. खोबरेल तेलाचा विनोद प्रत्येक मराठी माणूस करून चुकला आहे. बाबा माळकरी, त्यामुळे करीमीन मासा आमच्याच वाट्याला आला आणि तो झकास होता.

खरी आफत कुट्टनाडमध्ये झाली. तिथं भाताची वावरं समुद्रसपाटीपेक्षाही एक-दोन मीटर खाली. मधे मातीचा बांध. बोट वर आणि वावर खाली, म्हणजे आपण धुऱ्यावरून कोणाच्या तरी पाटीत डोकावतोय असं वाटतं. पेरणीआधी वावरात साचलेलं पाणी पंपानं उपसून नदीत फेकायचं काम चालू होतं. पांढरी धार धो-धो बाहेर पडत होती.

बाबा उठून उभे राहिले. चवड्यांवर नाही, पूर्ण पावलांवर. "मोटर उलटी बसोली काय रे?"

मी समजावलं, की बाबा, इथं वावरातलं पाणी बाहेर काढतात, मग भात पेरतात. ते काही बोलले नाहीत. माणूस वावरातून पाणी फेकून देतो हे दृश्य त्यांनी कसंबसं गिळलं. मग त्यांनी आभाळाकडे पाहिलं. ऊन डोक्यावर होतं.

"लाईन दिवसा हाय त्याईले?"

आमच्याकडे हरभऱ्याच्या ओलिताला लाईन, म्हणजे वीज, येते मध्यरात्री. एका हातात बॅटरी, एका हातात फावडं, पायाखाली साप की पाण्याचा दांड ते पाय पडल्यावर कळतं. एवढ्या पाण्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं, पण दुपारी दोनच्या त्या लाईननं त्यांचा चेहरा पार उतरला. संध्याकाळपर्यंत गप्प होते.

कोळ्यांची जाळी लागतात म्हणून हाऊसबोट अंधाराआधीच काठाला बांधतात. आम्ही झोपलो. रात्री एकच्या सुमाराला बाबांनी मला गदागदा हलवलं. "ऊठ! दांड फुटला! पानी चाल्लं धुऱ्याबाहेर!" खरंच खळखळ ऐकू येत होती. बोटीखालून. ते भिंतीवर स्टार्टर चाचपडत होते आणि बाहेर नावाडी घाबरून कुठल्यातरी देवाचं नाव घेत होता. बाबांची समजूत काढता काढता दोन वाजले.

सकाळी जाग आली तेव्हा बाबा डेकवर बसून काठाकडे टक लावून पाहत होते. काठावर एक बाई, पुढ्यात प्लास्टिकच्या सात घागरी. आजूबाजूचं पाणी पिण्यालायक नाही, पिण्याचं पाणी टाकी ठेवलेल्या नावेतून येतं, असं नावाड्यानं सांगितलं. तेवढ्यात नाव आलीच. नळी घागरीत सोडली.

बाबांनी मान तिरपी करून टाकीचा आवाज ऐकला. तीन दिवसांत पहिल्यांदा ते खुशीत दिसले.

"सात गुंड आणले बाईनं. चार भरतीन. पाचवा अर्धा."

चार भरल्या. पाचवी अर्धी.