युतीत शिरण्याआधी बाहेरचं दार बघावं

दोन ग्रह आकाशात अगदी शेजारी दिसले की आपण त्याला युती म्हणतो. प्रत्यक्षात त्यांच्यात कोट्यवधी किलोमीटर अंतर असतं. राष्ट्रांच्या आघाड्यांबद्दल वाचताना मला हेच आठवतं. वर्गणी कोण भरतंय, तिजोरीची किल्ली कोणाकडे आहे आणि नको झालं तर निघता येतं का, हे कळेपर्यंत मी तरी कुठल्याही एकीवर भरवसा ठेवत नाही.

इ.स.पू. ४७८ मध्ये इराणी साम्राज्याविरुद्ध ग्रीक नगरराज्यं अथेन्सच्या पुढाकाराने एकत्र आली. शपथ घेताना त्यांनी लोखंडाचे गोळे समुद्रात टाकले. ते लोखंड तरंगून वर येईल तेव्हाच ही मैत्री तुटेल, असा त्याचा अर्थ! सामाईक खजिना डेलॉस बेटावर ठेवला. प्रत्येकाने जहाजं द्यायची, नाहीतर पैसे. पुष्कळांना पैसे देणं सोयीचं वाटलं, घरची माणसं मोहिमेवर धाडायला नकोत. माझ्या मते सगळं बिघडलं ते इथेच. त्या पैशांवर अथेन्सचं आरमार वाढत गेलं आणि पैसे देणाऱ्यांकडे लढायला स्वतःची जहाजंच उरली नाहीत. नॅक्सॉस बेटाने बाहेर पडायचं ठरवलं, तर वेढा घालून त्याला नमवलं. इ.स.पू. ४५४ मध्ये खजिनाच अथेन्सला नेला. प्रत्येकाच्या वर्गणीतला साठावा हिस्सा अथेना देवीला जाऊ लागला, आणि कोणाचा किती हे संगमरवरावर कोरून ठेवलं गेलं. त्या शिळांचे तुकडे आजही आहेत. ते वाचताना मला वाईट वाटतं. ती मित्रांची यादी राहिलेली नाही, ती खंडणीची वही आहे.

पहिल्या महायुद्धानंतर शांतता टिकवायला स्थापन झालेल्या राष्ट्रसंघाचं (आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) दुखणं उलटं होतं. १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर हल्ला केला. निर्बंध लागले, पण तेल वगळून. ३० जून १९३६ ला इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी जिनिव्हात संघासमोर बोलायला उभे राहिले, तेव्हा इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या मारल्या. जुलैत निर्बंधही उठले. ठराव करायला सगळे होते, झळ सोसायला कोणी नव्हतं.

नाटो या लष्करी आघाडीच्या कराराचं पाचवं कलम म्हणतं की एकावरचा हल्ला हा सर्वांवरचा हल्ला. मात्र कोणती पावलं उचलायची हे ज्याने त्याने ठरवायचं, असंही तिथेच लिहिलंय. अनेकांना ती पळवाट वाटते. मला तो प्रामाणिकपणा वाटतो, कारण झेपेल तेवढंच वचन दिलंय. तेराव्या कलमात तर वर्षभर आधी कळवून बाहेर पडायची सोयही आहे. नॅक्सॉसला एवढं एक कलम मिळालं नव्हतं.