एकच खाडी, रोज चार वेळा

आज ठाणे स्टेशनच्या ब्रिजवर माझ्या डब्याचं झाकण उघडलं आणि मटकीची उसळ पुढच्या काकांच्या शर्टावर. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. वळायला जागाच नव्हती. धापा टाकत नऊ नंबरवर उतरले तर वाशी लोकल शेपूट दाखवून गेली.

राहते डोंबिवलीत, ऑफिस ऐरोलीत. कळवा सोडलं की गाडी खाडी ओलांडून ठाण्यात शिरते. तिथे उतरा, जिना चढा, ट्रान्सहार्बर (ठाण्याहून वाशीकडे जाणारी लोकल) पकडा, आणि तीच खाडी उलटी ओलांडून दिघ्यावरून ऐरोलीला या. संध्याकाळी पुन्हा तेच. काय हा द्राविडी प्राणायाम! कल्याण, बदलापूर, टिटवाळ्याची माणसंही हेच करतात. ठाण्यात कुणाचं काही काम नसतं, नुसती गाडी बदलायची असते.

यावर उतारा कधीचा ठरलाय. ऐरोली-कळवा उन्नत मार्ग, म्हणजे ठाण्याला न जाता कळव्याहून थेट ऐरोलीकडे नेणारा खांबांवरचा रेल्वेमार्ग. मुंबईच्या लोकलसुधारणेच्या एमयूटीपी-३ योजनेतला, मंजुरी डिसेंबर २०१६ची. लांबी जेमतेम आठ किलोमीटर. आठ! झालं काय, तर एक दिघा गाव स्टेशन. तेही बांधून तयार असताना कित्येक महिने कुलपात, कारण नारळ फोडायला मुहूर्त हवा. मिळाला १२ जानेवारी २०२४ला. त्याच दिवशी अटल सेतूचं उद्घाटन. म्हणजे समुद्र ओलांडून बावीसेक किलोमीटरचा पूल होतो, दिघ्याहून कळव्याला जाता येत नाही.

कळव्यातल्या झोपड्यांचं पुनर्वसन अडलंय म्हणे. त्या लोकांवर माझा राग नाही. पक्कं घर हातात पडल्याशिवाय मी तरी उठले असते का? पण झोपड्या काय एका रात्रीत उगवल्या? नकाशावर रेघ मारताना कुणाला दिसल्या नाहीत?

९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं रुळांवर पडली, जीव गेले. तेव्हा चार दिवस सगळ्यांना गर्दी दिसली. मग आपोआप बंद होणाऱ्या दारांच्या गप्पा. अहो, दारं लावा, पण आधी माणसं आत मावू देत!

आता संध्याकाळी सीएसएमटीहून खच्चून भरून आलेल्या कल्याण लोकलच्या दारातल्या बायका ओरडणार, "अगं, मागची पकड!" मागचीच्या दारातही हेच ऐकायचं. उद्यापासून डब्यात सुकी भाजी.