मागचा शॉकअप ‘एकदम सॉफ्ट’ करायचा तो मेसेज

परवा मामांनी तो मेसेज वाचून दुचाकीच्या मागच्या शॉकअपची स्प्रिंग कमीजास्त दाबणारी कडी सगळ्यात खालच्या खाचेवर नेली, मामींना डबलसीट घेऊन गेले आणि कंबर धरून परत आले. मेसेज म्हणतो, पहिल्या खाचेवर स्प्रिंग मऊ होते, मागच्या टायरची हवा 10 पीएसआय कमी करा, गॅसवाल्या शॉकअपमधला थोडा गॅस सोडा, कंबरदुखी गायब.

अहो, खाच फिरवून स्प्रिंग मऊ होतच नाही! साधी स्प्रिंग 1 मिमी दाबायला 25 न्यूटन लागत असतील तर कुठल्याही खाचेवर पुढच्या प्रत्येक मिमीला तेवढेच लागणार. बदलतो तो प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीपासूनच किती दाबून ठेवलीय ते, आणि त्यावरून तुम्ही बसल्यावर गाडी किती खाली बसते ते ठरतं. समजा मागचं चाक एकूण 120 मिमी वरखाली होतं, त्यातले दोघांच्या वजनानेच 70 गेले तर खड्ड्यासाठी उरले 50, मग जरा मोठा खड्डा आला की शॉकअप तळाला जाऊन रबरावर आदळतो आणि तो दणका थेट मणक्यात. वर मागची बाजू बसल्याने हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात. गाडीबरोबर मिळालेलं मॅन्युअल तरी उघडा, डबलसीट किंवा सामान असेल तर प्रीलोड वाढवा असंच त्यात सांगितलेलं असतं.

एक मान्य, एकटा हलका माणूस असेल आणि खाच खूप वर असेल तर एखाददोन खाचा उतरवून खरंच बरं वाटतं. मेसेजमधलं खरं तेवढंच.

गॅसला तर हातच लावू नका. आत जबरदस्त दाबाखाली नायट्रोजन असतो, तेलाला फेस येऊ नये म्हणून. तो गेला की तेल फेसाळतं, डॅम्पिंग म्हणजे उसळी आवरायची ताकद जाते, गाडी चेंडूसारखी उडत राहते, आणि सोडताना गरम तेल तोंडावर उडालं तर डोळाच जायचा.

हवा कमी केली तर टायर तापतो, खड्ड्यात रिम वाकते.

त्यापेक्षा मोजा. मेन स्टँडवर मागचं चाक अधांतरी असताना अ‍ॅक्सलपासून (चाकाच्या मधल्या दांड्यापासून) सरळ वर सीटखालच्या एका खुणेपर्यंत अंतर घ्या, मग स्टँड काढून नेहमीच्या वजनानिशी बसा आणि दुसऱ्या कोणाला तेच मोजायला सांगा. फरक एकूण हालचालीच्या पाव ते तिसरा हिस्सा हवा. जास्त आला तर सी पान्याने (ती कडी फिरवायचा वाकडा पाना) एकेक खाच चढवा, दोन शॉकअप असतील तर दोन्हीकडे सारखी. सगळ्यात वरच्या खाचेवरही गाडी बसतेच म्हणत असाल तर वजनाला योग्य अशी दुसरी स्प्रिंग घ्यावी लागेल. मामांचं काल तिसऱ्या खाचेवर जमलं.