रिडेव्हलपमेंटला चाललाय? पार्किंगचं टेन्शन घ्यायचंच नाही!

सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली का तुमची? अभिनंदन! आता मीटिंगमध्ये कोणीतरी एक काका उठून पार्किंगचं विचारतील, त्यांना लगेच खाली बसवा. ओटा ग्रॅनाइटचा की क्वार्ट्झचा यावर दीड तास गेल्यावर पार्किंगला पाच मिनिटं पुष्कळ झाली, आणि बिल्डरचा माणूस सांगतोच की, "सगळं यूडीसीपीआरप्रमाणे आहे सर." डिसेंबर २०२० मध्ये आलेली ही राज्याची बांधकाम नियमावली हॉलमधल्या कुणीच वाचलेली नसते, त्यामुळे विषय तिथेच संपतो आणि वडे येतात.

नियमात एका गाडीला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा. भरपूर आहे हो! इनोव्हा साधारण १.८३ मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ६७ सेंटिमीटर उरले, आणि त्यात एका अंगाला पिलर आला (येणारच, बिल्डिंग काय हवेत उभी राहणार?) की आजींना गेटपाशी उतरवायचं, गाडी आत घालायची आणि आपण मागच्या सीटवरून सरपटत डिकीतून बाहेर यायचं. योगासनांचा वेगळा क्लास नको, मेंटेनन्समध्येच आला. २०२४ मध्ये महारेराने (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) पार्किंगचा नंबर, लांबी, रुंदी, उंची सगळं अ‍ॅग्रीमेंटला जोडायला सांगितलंय खरं, पण ते पान उघडू नका आणि टेप घेऊन खाली तर अजिबात जाऊ नका, उगाच माणूस कडू होतो.

तुम्हाला स्टॅक पार्किंग मिळालं असेल तर तुम्ही खरे नशीबवान. वर तुमची गाडी, खाली जोशींची. पहाटे साडेचारला एअरपोर्टला निघायचंय? जोशींना फोन करा, ते पायजम्यावर चावी घेऊन येतील, स्वतःची गाडी काढतील, तुमची खाली येईपर्यंत दोघं जांभया देत उभे राहाल. वाड्यातला शेजारधर्म संपला म्हणून रडतात लोक, हा बघा परत आला! लाइट गेली तर गाडी वर, तुम्ही खाली, रिक्षा बोलवा. आणि त्या मशीनच्या एएमसीचे (वार्षिक देखभालीचे) पैसे टू-व्हीलरवाल्यांनीही भरायचे का, यावर पुढची चार वर्षं एजीएम रंगेल, म्हणजे हजेरीचाही प्रश्न मिटला.

आता बिल्डिंगच्या रूपाबद्दल. आमच्या जुन्या बिल्डिंगला कमरेएवढी कंपाउंडची भिंत होती, पारिजातक होता, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून भाजीवाल्याशी भाव करता यायचा, रात्री उशिरा कोण आलं तेही कळायचं. किती मागासलेलं! आता खालचे तीन मजले पोडियम, म्हणजे नुसतं पार्किंग. रस्त्यावरून बघितलं की जाळ्या, पंखे आणि धुराने काळवंडलेला रंग, पहिला माणूस राहतो चौथ्या मजल्यावर. म्हणजे सगळ्यात खालची, जमिनीला लागलेली, मुलांची आणि म्हाताऱ्यांची जागा आपण गाड्यांना दिली आणि गाड्या तरी कुठे मावल्या? तरी बरं, साइड मार्जिन मोकळं असतं. कागदावर ते अग्निशमनच्या बंबासाठी, पण कम्प्लिशन मिळालं की आठवड्याभरात तिथे पिवळे पट्टे मारून घ्या, "व्हिजिटर पार्किंग" लिहा. आग काय रोज लागते का? पाहुणे दर रविवारी येतात.

आणि हो, २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक बोलले होते ना, पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नवीन गाडीची नोंदणी नाही, म्हणून तेव्हा सगळे घाबरले होते. तुम्ही कशाला घाबरताय? दाखवायला नकाशा आहे, नकाशात चौकोन आहे, चौकोनात तुमचा फ्लॅट नंबर आहे. बिनधास्त दुसरी गाडी बुक करा.

फक्त रात्री आलात की गाडी रस्त्यावरच लावायची, तेव्हा तारीख बघा. आज सम तारीख आहे, पी-टू, म्हणजे पलीकडच्या बाजूला लावायची. तिथे कुणीतरी कुंडी ठेवलीय, ती जरा सरकवा.